विम्याच्या तपासणीत मी दिलेली उत्तरं

प्रिय सुतळी,

परवा फोनवर तू विचारलंस, आई, विम्याचं झालं का, आणि मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवून दिला. दूध फ्रिजमध्ये होतं. विमा होत नव्हता. विमा नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर मी तुझ्याकडे पोचत नाही, एवढी साधी गोष्ट, पण तीच मला तोंडाने सांगता येईना. आता मार्गी लागलंय, म्हणून लिहायला बसले आहे. बाबांच्या पुस्तकबांधणीच्या मेजावर कागद पसरलाय. बाहेर ऊन आहे की ढग ते ठरत नाहीये. अशा उजेडात मला हल्ली वेळ कळत नाही, सकाळ संपली की संध्याकाळ सुरू झाली ते घड्याळाला विचारावं लागतं. तू सावकाश वाच. पत्र लांबणार आहे.

विम्याच्या बाईंचं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा आहे आणि त्यावर रोज ऊन पडून पडून सगळे समुद्र दुधासारखे पांढरट झालेत. जमीन मात्र जिथल्या तिथे. बाई फोनवर कुणाशी तरी भांडत होत्या, तोवर मी आमच्या गावावर एक बोट आणि तुझ्या गावावर दुसरं बोट ठेवून बघितलं. एका हातात मावलं. बाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, काकू, नकाशाला हात लावू नका, तो सुटून पडतो. मग हसल्या. बाई मोठ्या बोलक्या आहेत. म्हणाल्या, एवढी घाई कसली? लेक म्हणतेय ना उन्हाळ्यात या म्हणून? आत्ता तिकडे अशी थंडी असेल की तुमचं हाड न् हाड वाजेल. म्हटलं, वाजू दे, घरात तेवढाच आवाज. त्या म्हणाल्या, बाळ-बिळ येणार आहे की काय? म्हटलं, तसं समजा हवं तर. घाईचं कारण त्यांना सांगितलं नाही. तुलाही अजून सांगितलेलं नाही. येईल ओघात.

त्यांनी विम्याच्या अटींचं पुस्तक दिलं आणि म्हणाल्या, हे कुणी वाचत नाही, पण द्यावं लागतं. मी घरी आणून आधी उलटं करून पाठ बघितली. तारेच्या दोन टाचण्यांवर सगळा कारभार, एक टाका नाही. बाबांनी असलं पुस्तक दुकानाच्या उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. मग वाचायला घेतलं. तुला माहीत आहे मी कशी वाचायला शिकले ते. लग्न होऊन दुकानात आले तेव्हा मला पाट्यांपलीकडे वाचता येत नव्हतं. छापखान्यातून कागद यायचे, मी घड्या घालायची, आणि घड्या घालता घालता अक्षर अक्षर लावायची. सोळा पानांचा एक फर्मा. त्यामुळे मला कुठलीच गोष्ट सुरुवातीपासून मिळाली नाही. वाक्याच्या मध्येच सुरू व्हायची आणि दुसऱ्या वाक्याच्या मध्येच संपायची. मी विचारायची, अहो, मग त्या मुलीचं काय झालं? बाबा आपल्या मेजावरून म्हणायचे, ते माझ्याकडे आहे, जरा थांब, खळ वाळू दे. कधीकधी पुढचा फर्मा दुसऱ्या गठ्ठ्यात गेलेला असायचा, आणि पुस्तकं शिवून, कापून, बांधून निघून जायची. काही माणसं अजून माझ्या डोक्यात अशीच उभी आहेत, दाराच्या कडीवर हात ठेवून. दार कुणी उघडलं की नाही मला ठाऊक नाही.

तर ते अटींचं पुस्तक. मी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि सांगू, मला आवडलं. त्यात एकच माणूस आहे, विमाधारक. त्याच्यावर जगातली सगळी संकटं येतात. विमाधारक घोड्यावरून पडतो. विमाधारकाचा दात भलत्याच देशात दुखायला लागतो. तो एका विमानतळावर आणि त्याची पेटी दुसऱ्या. त्याला बर्फावरून घसरायची हौस आहे, पण तसं घसरला तर कंपनी जबाबदार नाही. शेवटी शेवटी विमाधारक मरतो, आणि त्याला घरी परत कसं आणायचं याचा एक परिच्छेद आहे. रडारड नाही, गडबड नाही. पेटी कसली हवी, कागद कुठले, कळवायचं कुणाला, सगळं शांतपणे सांगितलंय. बाबांच्या वेळी मला कुणी असं ओळीने सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. वाचता वाचता डोळा लागला. स्वप्नात विमाधारक आला तर त्याच्या अंगात बाबांचा राखाडी कोट. मी म्हटलं, तुमचं सामान? तर म्हणाला, येतंय मागून, आणि जिन्याच्या वळणावर उभा राहून खिडकीतून बाहेर बघत राहिला. जागी झाले तेव्हा गालावर पुठ्ठ्याची कड उमटली होती.

माझ्या वयाला डॉक्टरांची तपासणी लागते. विमा कंपनीने पत्ता दिला तिथे गेले. डॉक्टरीणबाई अगदी तरुण, तुझ्याहून लहानच असेल. खोलीत एक उंच स्टूल, त्याच्यामागे भिंत, आणि खिडकीत पाण्याच्या बाटलीत मुळं सोडलेली एक वेल. तिने मान खाली घालून लिहायला सुरुवात केली आणि विचारायला सुरुवात केली. आता इथे काय झालं ते नीट लिहिते, कारण त्यावरच सगळं अडलं. तुला आठवतं ना, बाबांना दवाखान्यात नेलं की ते स्टुलावर बसायचे, मी पाठीशी उभी राहायची, आणि डॉक्टर विचारतील त्याची उत्तरं मी द्यायची. त्यांना वाक्य पुरं करता यायचं नाही. मी सुरू करायची आणि ते मान हलवायचे. इतकी वर्षं झाली की डॉक्टरही माझ्याकडेच बघून विचारायला लागले होते. तसलीच खोली, तसलंच स्टूल, तसलाच औषधी वास. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जिना चढताना दम लागतो? मी म्हटलं, लागतो, मधल्या वळणावर थांबावं लागतं. झोप? बसूनच, पाठीला उशांची चळत लागते. खोकला? सकाळचा, कोरडा. काम काय? पुस्तकबांधणी, कागदाची धूळ नाकातोंडात. औषध? मी श्वासाच्या फवाऱ्याचं नाव सांगितलं, सकाळचा वेगळा आणि अडचणीचा वेगळा. एकदाही अडखळले नाही. ती म्हणाली, किती व्यवस्थित सांगता हो तुम्ही, नाहीतर लोकांना स्वतःच्या गोळीचा रंगसुद्धा माहीत नसतो. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. बाबा गेल्यापासून आपलं काही कामाला आलं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. निघताना मी खुंटीवरचा कोट काढला आणि कुणीतरी हात घालील म्हणून उघडून धरून उभी राहिले. तिथल्या मदतनीस बाईंना वाटलं आजींना घालता येत नाहीये. त्यांनी येऊन तो मलाच घातला. तरी माझ्या लक्षात आलं नाही.

मग कंपनीचं उत्तर आलं की श्वासाचा जुना आणि वाढलेला आजार असल्यामुळे विमा देता येत नाही. मी वाचलं आणि म्हटलं, हे तर बाबांचं आहे. यांनी दोन माणसांचे कागद एकत्र केले. आमच्या धंद्यात असं होतं, एका पुस्तकाचा फर्मा दुसऱ्यात शिवला जातो आणि वाचणारा बिचारा डोकं खाजवत बसतो. तणतणत विम्याच्या बाईंकडे गेले. अहो, माणूस गेला तरी त्याचा पिच्छा सोडत नाही का तुम्ही लोक, असं बरंच काही बोलले. मी थांबेपर्यंत त्या थांबल्या. मग कागद माझ्याकडे फिरवून हळूच म्हणाल्या, काकू, हे तुम्हीच सांगितलंय. आणि खाली सही तुमची आहे. मी बघत राहिले. उशा, वळण, सकाळचा खोकला. सगळं खरं होतं. फक्त माझं नव्हतं. मागे भिंतीवर ते पांढरे समुद्र, आणि मला क्षणभर असं झालं की या खोलीत आणखी कुणीतरी आहे, मीच तेवढी नाही. बाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, जाऊ दे, उन्हाळ्यात परत बघू. म्हटलं, उन्हाळा नाही. मला आत्ताच जायचंय.

परत डॉक्टरीणबाईंकडे. सांगितलं की बाई, चूक झाली, मला काही झालेलं नाही. ती हसली. म्हणाली, आजी, विमा मिळत नाही म्हटलं की सगळ्यांचे आजार पळून जातात, हे नवीन औषध आम्हाला माहीत आहे. तिचंही चुकलं नाही. मी म्हटलं, ते माझ्या मालकांचं होतं. मग त्यांनाही घेऊन या, ती म्हणाली, त्यांचं वेगळं लिहू. ते गेले, म्हटलं. तिने पेन खाली ठेवलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. एक नळी आणली, यंत्राला जोडलेली, आणि म्हणाली, छाती भरून घ्या आणि फुंका. मी फुंकलं. ती शर्यतीत ओरडतात तशी ओरडायला लागली, अजून, अजून, थांबू नका, अजून आहे तुमच्याकडे. आणि खरंच होतं. संपतच नव्हतं. पडद्यावर एक रेघ डोंगरासारखी वर चढत गेली. ती म्हणाली, आजी, ही तर विशीतल्या पोरीची फुफ्फुसं. तुला खरं सांगते, मला राग आला. तेच दुकान, तेच कागद, कापणी यंत्राखालून उडणारा तोच भुसा. आम्ही दोघांनी एकाच खोलीतली हवा घेतली. आणि हवा माझ्याकडे ठेवून धूळ तेवढी त्यांनी घेतली असं मला वाटलं, पूर्वी मासळीतले काटे काढून ते तुझ्या ताटात मासळी वाढायचे तसं. डॉक्टरीणबाई म्हणाली, मग ते बसून झोपता म्हणालात, ते खोटंच ना? म्हटलं, नाही, ते खरं आहे. आणि वळणावर थांबता? थांबते. अहो, पण का?  सवय, म्हटलं. तिने नवा कागद घेतला, पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं आणि माझी उत्तरं लिहून घेतली. एकेका प्रश्नाला मला विचार करावा लागत होता. तुम्हाला भूक कशी लागते? मी आठवून बघितलं. बऱ्याच दिवसांत तसं बघितलं नव्हतं.

घरी आले आणि जिना एका दमात चढले. खालच्या शिंप्याने दुकानातून मान काढून विचारलंसुद्धा, काय काकू, आज मधलं स्टेशन घेतलं नाही? म्हटलं, आज डॉक्टरांनी जलद गाडी केलीय मला. वर पोचले. छाती धपापली नाही, पाय दुखले नाहीत. किल्ली काढली आणि सवयीने मागे बघितलं. जिना रिकामा. असं वाटलं की त्यांना वळणावर सोडून मी एकटीच पुढे निघून आले. तू वेडी म्हणशील, पण मी पुन्हा खाली गेले आणि सावकाश चढले. वळणावर थांबले, खिडकीतून बाहेर बघितलं. शिंप्याच्या तोंडात या वेळी टाचण्या होत्या.

त्या वळणाबद्दल तुला पूर्ण माहिती नाही, तू तोवर शिकायला बाहेर गेली होतीस. बाबांना तिथे थांबावं लागतं असं ते कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, बघ, समोरच्यांनी पडदे बदलले. मी बघायची आणि म्हणायची, हो, छान आहेत. पडदे तेच होते, विटलेल्या निळ्या रंगाचे, आम्ही म्हातारे झालो तरी तेच. रोज ते बदललेले असायचे आणि रोज आम्हाला आवडायचे. रस्त्यात घड्याळवाल्याच्या काचेपुढे ते इतका वेळ उभे राहायचे की तो बिचारा आशेने घड्याळं पुसायला लागायचा. बुटाची नाडी दिवसातून किती वेळा सुटायची, आणि बूट बिननाडीचे घेतले तेव्हा बुटात खडा जायला लागला. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. त्यांना श्वास घ्यायला सवड हवी होती आणि ती मागायची नव्हती. मी ती न मागता देत होते. आमच्या घरात प्रेम म्हणजे बरंचसं एवढंच होतं.

काल विम्याच्या बाईंनी पक्का कागद हातात दिला. सगळं आहे त्यात, आजारपण, दात, हरवलेली पेटी, शेवटच्या परिच्छेदासकट. बर्फावर घसरायचं तेवढं नाही, म्हणजे मला जपून चालावं लागेल. तारखा टाकल्या आहेत, व्हिसाला आता हाच कागद लावायचा, तिकिटाचं तू बघ. काल रात्री एक उशी कमी करून झोपले. छताकडे बघत आडवं पडणं किती विचित्र असतं, पाण्यावर पडल्यासारखं. एकाच उशीवर यायला अजून वेळ लागेल. घाई नाही.

पण हे सगळं मी फोनवरही सांगितलं असतं आणि आपण दोघी हसलो असतो. पत्र लिहिलं ते दुसऱ्या गोष्टीसाठी. तू हल्ली फोन नेहमी कामावरून घरी येताना करतेस. ग्रंथालयाच्या तळघरातले तुझे जुने कागद, त्यांची बुरशी, त्यांची धूळ, त्यांच्या गमती सांगत सांगत तू तुमचा जिना चढायला लागतेस, आणि मध्येच म्हणतेस, थांब हं आई, मांजर आलंय. मग तू बोलत नाहीस आणि मी ऐकत राहते. मांजर असेलही तिथे. समोरच्यांचे पडदेही होतेच. पण त्या थांबण्याच्या शेवटी तुझा श्वास आत जाताना एक बारीक शिट्टी वाजते, आणि ती मी इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपले आहे की मला ती समुद्रापलीकडून ओळखू येते. फोनवर विचारलं असतं तर तुला तिथल्या तिथे काहीतरी सांगावं लागलं असतं. पत्रात हवं तिथे थांबता येतं, कुणाला कारण द्यावं लागत नाही. माझ्यासाठी सगळ्यात मोठा विमा घे म्हणून तू माझ्या मागे लागलीस, आणि स्वतः कुठल्या डॉक्टरांकडे गेली नसशील, हे मला तुझ्या बाबांवरून कळतं. म्हणून उन्हाळा नाही. घ्यायला विमानतळावर येऊ नकोस, पत्ता माझ्याकडे आहे आणि पाट्या मला वाचता येतात. घरी बसून राहा. तुमचे जिने मी चढेन, पेटी घेऊन चढेन, मला मुभा आहे तशी, लेखी आहे. दुसऱ्या दिवशी आपण डॉक्टरांकडे जाऊ. मी सोबत येईन, पण आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन. विचारतील त्याची उत्तरं तूच द्यायची, पोरी. खरी द्यायची.

तुझीच,
आई